नाशिक आणि हवामान बदल: झळ कुणाला, कुठे आणि किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली काही वर्षं नदीकाठच्या वस्त्या, सोसायट्यांच्या सभा, कॉलेजं आणि बागायतदारांच्या बैठका अशा ठिकाणी या विषयावर बोलायला जाते. हवामान बदलाच्या तडाख्यात नाशिकचं काय होईल आणि ते आधी मोजता येतं का, हा सगळ्यांचा मूळ प्रश्न. त्याच्या पोटातले बाकीचे प्रश्नही बहुतेक तेच ते असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. पुराचं उत्तर लांबलं आहे, कारण नाशिकचा पूर दोन वाक्यांत सांगून होत नाही.

शहराची 'हवामान असुरक्षितता' मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं?

एकाच रात्री एकाच ढगातून पाऊस पडतो. गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस खिडकी लावून झोपतो. नासर्डी नदीकाठी पत्र्याच्या खोलीत राहणारी बाई पोरांना उठवून कॉटवर बसवते आणि उंबऱ्याकडे बघत जागी राहते. पाऊस तेवढाच, झळ वेगळी. हा फरक कुठे पडतो आणि का पडतो, हे शोधून नकाशावर मांडणं म्हणजे असुरक्षितता मूल्यांकन.

त्यात तीन गोष्टी तपासतात. संकटाच्या वाटेत कोण आणि काय आहे: घरं, शाळा, दवाखाने, पंपिंग स्टेशन, पूल. मग तडाखा बसलाच तर तो कुणाला जास्त लागेल: म्हातारी माणसं, तान्ही बाळं, उन्हात काम करणारे, मातीच्या भिंतींची घरं. आणि शेवटी सावरण्याची ताकद किती: हातात पैसा, घराचा पक्का कागद, जवळ दवाखाना, वेळेवर मिळणारी सूचना, शेजाऱ्यांची साथ. तांत्रिक अहवालांत यांना संपर्क, संवेदनशीलता आणि अनुकूलन क्षमता म्हणतात. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २००७ च्या अहवालात या तिन्ही गोष्टी 'असुरक्षितता' या एकाच शब्दात धरल्या होत्या. २०१४ च्या अहवालापासून मांडणी बदलली. संकट, त्याच्या वाटेत असणं आणि असुरक्षितता या तिन्हींच्या मिलाफातून 'जोखीम' तयार होते, असं आता मानतात. हा फरक नुसता शब्दांचा वाटला तरी कामाचा आहे. ढगफुटी थांबवणं आपल्या हातात नाही, पण माणूस कुठे राहतो आणि किती सावरू शकतो, यातलं बरंच काही महापालिकेच्या आणि आपल्या हातात आहे.

म्हणजे हा हवामानाचा अंदाजच झाला ना?

नाही. उद्या पाऊस पडेल का, हे हवामान खातं सांगतं. पडलाच तर तुमच्या गल्लीत काय होईल, हे मूल्यांकन सांगतं.

नाशिक हवेशीर, उंचावरचं, धरणांनी वेढलेलं शहर. आपल्याला कसली भीती?

शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, हे खरं. पण नाशिकची खरी ओळख त्याच्या पावसाच्या उतरंडीत आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि पुढे सिन्नर, येवल्याकडे पर्जन्यछायेत आणखी उतरतो. थोड्याशा अंतरात इतका फरक पडत असल्याने आपल्याला दोन्हीकडून मार बसतो. त्र्यंबकच्या डोंगरात कोसळलेलं पाणी पुराच्या रूपाने शहरात येतं आणि तिथेच पाऊस रुसला तर नळ कोरडे पडायची वेळ येते.

यात बदलत्या हवेची भर पडते आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात जास्त पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे वर्षाची सरासरी जागेवरच राहिली, तरी चार महिन्यांचा पाऊस मोजक्याच दिवसांत उरकायला लागतो. आपली गटारं आणि नाले जुन्या पावसाच्या मापाने बांधलेले आहेत.

पुराचा धोका कसा मोजतात? इतकी वर्षं दुतोंड्या मारुतीवरून कळायचंच की!

दुतोंड्या मारुतीला, गोदाघाटावरच्या त्या उंच मूर्तीला, मी कमी लेखणार नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, की पुढे कोणत्या गल्लीत शिरणार, हे गोदाघाटावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. नारोशंकराच्या देवळाची घंटा आणि जुन्या सरकारवाड्याच्या पायऱ्याही अशाच खुणा. मोजपट्ट्या लावण्याआधीपासून शहराने स्वतःसाठी तयार केलेली ही सूचना-यंत्रणा आहे. मूल्यांकन करणाऱ्याने आधी घाटावर जाऊन ती समजून घ्यावी आणि मग संगणक उघडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

'नाशिक नव टेकांवर वसविले' असं म्हणतात. जुनं गाव उंच टेकांवर बसलं, कारण खालचा भाग नदीचा आहे हे लोकांना माहीत होतं. नंतर शहर टेकावरून उतरलं आणि नदीच्या अंगणात जाऊन बसलं. १९६९ चा महापूर, मग सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९, हे पूर नाशिककरांच्या आठवणीत पक्के आहेत. २००८ नंतर पूररेषांचा विषय ऐरणीवर आला.

या पूररेषा नीट समजून घ्यायला हव्यात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. बिल्डरच्या ऑफिसात मात्र 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द असे उच्चारले जातात, जणू पुढची शंभर वर्षं निर्धास्त राहावं. हिशोब तसा नाही. लाल रेषेइतका पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते. तुम्ही २० वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर ते फिटेपर्यंत एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेसाठी हाच आकडा ५६ टक्क्यांवर जातो, म्हणजे निम्म्याहून जास्त. हा हिशोबही 'पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल' असं धरून केलेला आहे आणि नेमकं तेच गृहीतक आता डळमळीत झालं आहे.

दुसरा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. नाशिकमध्ये पूर दोन प्रकारचा आहे आणि आपण एकाचीच तयारी करतो. गोदावरीचा पूर सांगून येतो. धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडलं याचे मेसेज मोबाइलवर फिरतात, भोंगे वाजतात, घाटावरचे टपरीवाले सामान हलवतात. नाल्याचा पूर सांगून येत नाही. सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी भरतं तेव्हा गोदावरी कधी कधी पात्रातच असते. जुना सरस्वती नाला झाकला गेला आहे, वरच्या अंगाचं पाणी तासाभरात उतरतं आणि तुंबतं. नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांचंही तसंच. नासर्डी सातपूरकडून येते, दाट वस्तीतून वाट काढत टाकळीला गोदावरीला मिळते. तिच्यावर मोठं धरण नाही, म्हणून विसर्गाचा मेसेजही नाही. शहरात तासाभरात जोरदार पाऊस झाला की ती फुगते. आणि खाली गोदावरी भरून वाहत असेल, तर नासर्डीचं पाणी संगमावर अडतं आणि मागे फिरून वस्तीत शिरतं. नकाशावर दोन्ही पूर वेगवेगळे दाखवून मग एकावर एक ठेवून पाहायला हवेत.

काझीची गढी म्हणजे गोदाकाठचा मातीचा उंचवटा आणि त्यावरची वस्ती. तिची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पाणी घरात शिरत नाही, तिथे घराखालची मातीच पावसाळ्यात ढासळते. दर जून आला की रहिवाशांना स्थलांतराच्या नोटिसा जातात आणि दर वर्षी बरीचशी कुटुंबं तिथेच राहतात, कारण जायचं कुठे, याचं उत्तर नोटिशीत नसतं. असुरक्षितता हा शब्द कुणाला समजावून सांगायचा झाला, तर मी त्यांना गढीच्या पायथ्याशी नेऊन वर बघायला सांगते.

धरणातून पाणी सोडतात म्हणूनच पूर येतो, हे खरं का?

अर्धं खरं. गोदावरीवरचं गंगापूर धरण भरलेलं असताना वर त्र्यंबक-आंबोलीच्या पाणलोटात मुसळधार पाऊस झाला, तर पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. धरणाखाली जमा होणारं पाणी आणि शहरातल्या उपनद्या यांची भर वेगळी. प्रश्न आहे तो केव्हा आणि किती टप्प्यांत सोडायचं याचा. प्रत्येक धरणाची परिचालन सूची असते: कोणत्या तारखेला किती साठा असावा, याचं वेळापत्रक. धरण लवकर भरून ठेवावं तर पुराची जोखीम, रिकामं ठेवावं तर टंचाईची. ऑगस्ट २००६ मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून मोठा विसर्ग झाला आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर सुरतने धरण, पाणलोट आणि शहर यांना जोडणारी पूरसूचना व्यवस्था उभी केली. आपल्याला तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, कारण आपलंही शहर धरणाच्या थेट खाली बसलेलं आहे.

पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई, असं एकाच शहरात कसं?

कारण गंगापूर धरण ही एक टाकी आहे आणि तिच्यावर अनेकांचे नळ आहेत. या धरणाची मूळ साठवण क्षमता सुमारे ७.२ टीएमसी होती. गाळ साचून ती आता ५.६३ टीएमसी उरली आहे. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३० कोटी लिटर. वरचे डोंगर पोखरले, झाडं तोडली, की प्रत्येक पावसात माती वाहून येते आणि टाकी थोडी आणखी उथळ होते.

या पाण्यावर शहराचा हक्क आहे, शेतीचा आहे, कारखान्यांचा आहे आणि खाली मराठवाड्याचाही आहे. समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व २००५ च्या कायद्यात आलं आणि २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाने त्याला सूत्र मिळालं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते सोडावं लागलं. आपल्याकडे दर वेळी या विषयावर आंदोलनं होतात. पण पैठणच्या बाजूने पाहिलं तर तिथल्या माणसाचीही तहान खरी आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगते आणि प्रत्येक सभेत नाराजी ओढवून घेते. मूल्यांकनाच्या दृष्टीने अर्थ असा, की शहराच्या पाण्याची जोखीम महापालिकेच्या हद्दीत मोजताच येत नाही. गोदावरीच्या उगमाच्या ब्रह्मगिरीपासून जायकवाडीच्या नाथसागरापर्यंतचा पट डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

शहराला मुकणे धरणातूनही पाणी मिळतं, त्यामुळे सगळी भिस्त एकट्या गंगापूरवर नाही. नाशिकरोडच्या बाजूला चेहेडी बंधाऱ्यावरचा प्रश्न मात्र वेगळा आहे. उन्हाळ्यात दारणा नदीचा प्रवाह कमी झाला की वालदेवी नदीतून येणारं सांडपाणी तिथे जाणवू लागतं. टंचाई म्हणजे नुसतं कमी पाणी नव्हे, घाण पाणीसुद्धा.

आपल्याकडे नागपूरसारखं ऊन नाही. मग उष्णतेचा एवढा बाऊ कशाला?

हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर जावा आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर असावा, तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो. पण सवयीचा भाग मोठा असतो. नागपूरकरांचं घर, कूलर, दुपारचं वेळापत्रक सगळं उन्हाच्या हिशोबाने बेतलेलं असतं. नाशिकची हवा थंड म्हणून आपण तशी तयारीच केली नाही. कमी तापणारं शहर जास्त असुरक्षित असू शकतं, ते असं.

अहमदाबादचा दाखला द्यायलाच हवा. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा त्या मृत्यूंच्या दाखल्यांवर 'ऊन' असं लिहिलेलं नव्हतं. कुणाचं हृदय, कुणाचं मूत्रपिंड असं कारण होतं. एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली तेव्हा आकडा उघडा पडला. त्यातून २०१३ मध्ये देशातला पहिला शहर पातळीवरचा उष्णता कृती आराखडा अहमदाबादने केला. शहराने स्वतःच्या मृत्यूंची नोंद तपासून स्वतःसाठी इशाऱ्याचे अंश ठरवले. नाशिकचे अंशही नाशिकच्या नोंदींवरूनच ठरायला हवेत, उसने आणून चालणार नाही.

आणि दुपारच्या पाऱ्यावर फार विसंबू नका. मागच्या एका मे महिन्यात अंबडच्या बाजूच्या एका चाळीत रात्री दहाला गेले होते. बाहेर वारा सुटला होता. आत पत्र्याला खालून हात लावला तर अजून कोमट लागत होता. कारखान्यात पाळी करून आलेला मुलगा ओली चादर अंगावर घेऊन दारात आडवा झाला होता, डोकं उंबऱ्याबाहेर. त्याची आई म्हणाली, "ताई, दिवसाचं ऊन सोसतं हो, पण रात्र जिरत नाही." डॉक्टर हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: रात्री शरीराला थंड व्हायला वेळ मिळाला नाही, की दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं. म्हणून किती घरांवर पत्रा आहे, ही नोंद माझ्या मते शहराच्या कमाल तापमानाइतकीच मोलाची आहे.

द्राक्ष-कांद्याचा शहराच्या मूल्यांकनाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. नाशिक शहराचा पैसा निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शेतातून येतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी आणि गारपीट झाली आणि निफाडकडच्या बागा एका संध्याकाळी झोडपून निघाल्या. बागेत घड धरलेले असताना गारा पडल्या की त्या वर्षीचं पीक गेलंच, शिवाय काडीला मार बसल्याने पुढच्या वर्षाचाही भरवसा राहत नाही. मग कर्जाचा हप्ता थकतो, ट्रॅक्टरच्या शोरूमपासून कपड्याच्या दुकानापर्यंत गिऱ्हाईक आटतं, आणि पेठ-सुरगाण्याहून बागांवर कामाला येणारी आदिवासी मजुरांची कुटुंबं काम शोधत शहराच्या नाक्यांवर उभी राहतात. ही कुटुंबं कुठे मुक्काम करतात? बरेचदा पुलाखाली किंवा नाल्याच्या कडेला. गावात पडलेली गार महिन्याभराने शहराच्या पूररेषेत येऊन राहते, ती अशी.

सिंहस्थात काय होईल?

नाशिकचा सिंहस्थ भर पावसाळ्यात येतो, ही गोष्ट इतर कुंभांपेक्षा वेगळी आहे. २०२७ मधलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला, दुसरं ३१ ऑगस्टला आणि नाशिकचं तिसरं ११ सप्टेंबरला जाहीर झालं आहे. वर पुराच्या तारखा दिल्या आहेत, त्या पुन्हा बघा. २०१६ चा पूर २ ऑगस्टचाच होता.

उलट बाजूही आहे. २०१५ च्या सिंहस्थात पावसाने ओढ दिली होती आणि दुष्काळात स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं का, हा वाद उच्च न्यायालयात गेला. एकच सोहळा, पण महापूर आणि दुष्काळ अशा दोन्ही शक्यता धरून त्याची आखणी करावी लागते. लाखोंची गर्दी रामकुंडाभोवती असताना विसर्ग वाढवायची वेळ आली तर निर्णय कुणी घ्यायचा, किती तास आधी, गर्दी कोणत्या रस्त्याने वर न्यायची, आणि तो रस्ता त्याच पावसात नाल्याने तुंबलेला नसेल ना, हे सगळं कागदावर आधी हवं. शहराची परीक्षा घेणारा याहून मोठा प्रसंग नाही.

डेंग्यूसुद्धा यात येतो का?

येतो. अनियमित पाणीपुरवठ्यामुळे साठवलेले ड्रम, पावसाच्या खंडात साचलेली डबकी आणि लांबलेला उबदार ऑक्टोबर, तिन्ही डासांच्या पथ्यावर पडतं. प्रभागनिहाय रुग्णनोंदी महापालिकेकडे असतात. त्या पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

ही सगळी माहिती येते कुठून? आणि ती विश्वासाची असते का?

पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदी हवामान खात्याकडून, विसर्गाच्या जलसंपदा विभागाकडून, जमिनीचा चढउतार आणि तापलेले पट्टे उपग्रहाच्या चित्रांतून, माणसांची माहिती जनगणनेतून. शेवटचा दुवा कच्चा आहे. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. तेव्हा महापालिका हद्दीत १४ लाख ८६ हजार माणसं होती. त्यानंतर पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव या बाजूंना शहर कितीतरी वाढलं. २०११ च्या आकड्यांवर आजचा नकाशा रंगवला, तर त्या भागात माणसं राहतच नाहीत असं वाटेल. म्हणून मतदार याद्या, घरपट्टीच्या नोंदी, आशाताईंच्या वह्या असे पर्याय वापरावे लागतात. आशाताईंच्या वहीइतकी अचूक नोंद मला कुठल्याही कार्यालयात मिळालेली नाही. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कुठे अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, सगळं त्यात असतं.

सरासरीपासूनही सावध राहावं लागतं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२१ च्या अहवालात राज्यांचा असुरक्षितता निर्देशांक काढला होता आणि महाराष्ट्र सर्वांत कमी असुरक्षित राज्यांत आला. राज्याराज्यांची तुलना म्हणून ते ठीक. पण त्या एका आकड्यात काझीची गढीही आहे आणि कॉलेज रोडचे बंगलेही. शहरातही हेच घडतं. सहा विभागांची सरासरी काढली की पंचवटीच्या उंच भागातल्या कॉलन्या वाघाडीकाठच्या वस्त्यांना झाकून टाकतात. मोजायचं तर निदान प्रभागापर्यंत, आणि पूर-उष्णतेसाठी गल्लीपर्यंत उतरायला हवं.

निर्देशकांना वजन कसं द्यायचं, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. पक्क्या घराला किती गुण, दवाखान्याच्या अंतराला किती? कोणी सगळ्यांना सारखं वजन देतं, कोणी तज्ज्ञांना विचारतं. मला वाटतं वस्तीत बसून विचारावं. नासर्डीकाठी एका घरात भिंतीवर २००८ च्या पाण्याची रेघ कुंकवाने ओढलेली दाखवली गेली, माझ्या खांद्याएवढी उंच. तिच्या वर फळी, फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. घरातली आजी म्हणाली, "पाणी आलं की आधी रेशनकार्ड वर जातं, मग भांडी." भांडी पुन्हा घेता येतात, कागद गेला की नुकसानभरपाईच्या यादीत नाव लागत नाही, हे ती अनुभवाने शिकली होती. तोवर माझ्या प्रश्नावलीत 'कागदपत्रं सुरक्षित आहेत का' हा रकानाच नव्हता. आता तो दुसऱ्या क्रमांकावर आहे.

आमचा भाग नकाशावर लाल दाखवला तर जागेचे भाव पडतील. मग कशाला दाखवायचं?

ही भीती समजते, कारण आयुष्यभराची कमाई एका फ्लॅटमध्ये गेलेली असते. पण नकाशा लपवल्याने पाणी थांबत नाही, फक्त पुढचा घेणारा फसतो. माझं म्हणणं एवढंच, की नकाशासोबत कामाची यादीही जाहीर व्हावी: या भागात कोणता नाला मोकळा होणार, कोणता पूल उंच होणार, कधीपर्यंत. आणि रंगाचं निमित्त करून गरिबांच्या वस्त्या हलवायच्या आणि नदीकाठची मोठी बांधकामं तशीच ठेवायची, असं झालं तर त्याला मूल्यांकन म्हणता येणार नाही.

झाडं लावली की झालं ना?

झाडं हवीतच. फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी २०१५ पासून देशी झाडांची देवराई उभी केली आहे. उघडा-बोडका डोंगर काही वर्षांत कसा पालटतो, हे पाहायला तिथे जरूर जा. पण नवी रोपं लावताना जुनी झाडं गेली तर हिशोब जुळत नाही. तपोवनातली झाडं तोडण्याच्या विषयावरून नाशिककर रस्त्यावर उतरले, ते याचसाठी. मोठ्या वडाची सावली देण्याच्या वयाला रोप यायला एक पिढी लागते, आणि उन्हाळे तेवढं थांबणार नाहीत.

जमिनीचंही तसंच. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रातल्या प्राचीन कुंडांच्या तळाशी काँक्रीट पडलं. तळातले झरे बंद झाले, तर नदी उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यावर जगते. शहरात प्रत्येक फुटपाथवर, प्रत्येक पार्किंगमध्ये पेव्हर बसले, की पाऊस जिरायला जागा उरत नाही आणि तेच पाणी सराफ बाजारात भेटतं.

आमच्या घराच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण आहे. तिचा काही उपयोग?

फार मोठा. रंग काढायच्या आधी तिचा फोटो घ्या. खुणेशेजारी टेप धरून जमिनीपासूनची उंची फोटोत दिसेल असं पाहा. कोणत्या वर्षीचा पूर, पाणी साधारण किती वाजता शिरलं, किती तास राहिलं आणि कुठून आलं, नदीकडून की नाल्याकडून की संडासाच्या भांड्यातून, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून मागे लिहून ठेवा. शेजारच्या चार घरांतही विचारा, कारण एका खुणेवर वाद होतो, पाच खुणांवर होत नाही. मग ते सगळं प्रभागाच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा लेखी द्या आणि पोच घ्या. खूण पुसट झाली असेल तर पुन्हा ओढून ठेवा. ऑइल पेंट वापरा.